आजोबांचं पाणी

आमच्या बेटाला दोन समुद्र.
उत्तरेचा बाईमाणूस, निवांत, गुडघाभर.
दक्षिणेचा बाप्या. आम्ही ह्याच्या काठी.
नदी त्याला मिळते तिथे
गढुळावर दोन डोळे येतात
आणि आम्ही म्हणतो, आजोबा आले.

मगर हा शब्द पाण्याजवळ तोंडातून काढायचा नाही.
उतरण्याआधी मोठ्यानं सांगायचं:
आजोबा, मी फिलोमेनाची ओलांदिना, तुमचीच नात,
शिंपल्यांपुरती येतेय, लगेच जाते.
आजोबा नातवंडांना खात नाहीत.
ज्यानं काही केलेलं असतं
त्यालाच फक्त.

जेफेरिनोचा नुसता कंदील सापडला
आणि एक चप्पल, डावी,
अंगठा तारेनं शिवलेला.
जाळं खडकाला अडकून ओहोटीत हलत होतं,
आत चार बोयटं, जिवंत.
ती नंतर कुणी खाल्ली मला माहीत नाही.

सातव्या दिवशी बायका आल्या
तांदूळ घेऊन, मेणबत्त्या घेऊन.
चांगल्याच वागल्या. भांडीसुद्धा घासली.
जाताना एकीनं दारात वळून
हळूच विचारलं,
काय केलं होतं गं त्यानं?

तेव्हापासून मी भावाच्या खोड्या मोजतेय.
आब्रांव मामाचे वीस डॉलर.
चर्चमागच्या पपया.
लहानपणी सैनिकांच्या ट्रकवर फेकलेला चिखल,
पण तो तर जमेच्या बाजूला.
बायकोवर हात एकदा. नाही, दोनदा.
एवढ्यावर माणूस जातो?
मग आमच्या गावात
कोंबड्यांखेरीज कुणी उरलंच नसतं.

दिलीहून शिकलेली पोरं आली,
जीप, दुर्बीण, वह्या.
म्हणाली, हा इथला नसेल,
समुद्र ओलांडून आलेला असेल, बाहेरचा.
गाव खूश झालं. परका!
आजोबा सुटले. जेफेरिनोही सुटला.
त्या दिवशी कॉफीत साखर जास्त पडली.
मी विचारलं नाही
की परक्याला हाक काय मारायची.

कारण त्या रात्री त्याला जायचंच नव्हतं.
पाऊल सुजलेलं.
मीच म्हटलं, उद्या बाजार आहे,
रिकाम्या टोपलीवर बसू का मी?

हे मी पाद्रीला सांगितलेलं नाही.
पाण्याला सांगितलं.
घोट्यापर्यंत उतरून, सगळं, टोपलीसकट.
दोन डोळे वर आले, बघत राहिले
एखाद्या बहिऱ्या म्हाताऱ्यासारखे,
आणि बुडाले.
साधं वलयही उठलं नाही.
घाबरले का? हो.
पण त्याहून जास्त
अपमान वाटला.

परवा त्याचा लिबोरियो, सहा वर्षांचा,
हट्ट धरून बरोबर आला.
मी काठीनं वाळूत रेघ ओढली.
इथून हाक मार आजोबांना.
आधी तुझं नाव सांग, मग बापाचं.
आणि पाण्यापासून दहा पावलं मागे राहायचं, नेहमी.

आजोबा आहेत ना,
मग मागे कशाला?

तुझे घरचे आजोबा प्यायले
की आपण कुठे बसायचो?

बाहेर. चिंचेखाली.

मग.

त्यानं हाक मारली, आवाज चिरकला,
पलीकडे एक बगळा उडाला, बाकी काही नाही.
मग तो पाठमोरा न होता
मोजत मागे यायला लागला.
त्याला आठनंतर थेट दहा येतं.
मी काही बोलले नाही.
खांद्याला धरून
आणखी एक पाऊल मागे ओढलं,
आणि मग,
कशाला कोण जाणे,
अजून एक.